छोट्या आर्म बोर्डावर आर्मबियन: निवडीपासून रोजच्या वापरापर्यंत

पीसीवर लिनक्स टाकायचं तर एक आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर उतरवली की काम सुरू होतं. हीच सवय घेऊन आपण तळहातावर मावणाऱ्या आर्म बोर्डाकडे, म्हणजे आर्म जातीचा प्रोसेसर असलेल्या एका पाटीवरच्या संगणकाकडे, वळतो आणि समोर येतो तो काळा पडदा. मग वाटतं, बोर्ड खराब आहे किंवा आपल्याला काही जमत नाही. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं.

पीसीत बायोस किंवा यूईएफआय असतं आणि कोणतं हार्डवेअर जोडलंय ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बरंचसं विचारून कळतं. छोट्या आर्म बोर्डांवर ही सोय बहुधा नसते. कोणता भाग कुठल्या पत्त्यावर आहे, हे ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या तक्त्यात आधीच लिहून द्यावं लागतं, आणि तो तक्ता प्रत्येक मॉडेलचा वेगळा. म्हणूनच बोर्ड बनवणारे बरेचदा एखादी इमेज (तयार सिस्टीमची एक फाइल) देतात आणि पुढच्या बोर्डाकडे वळतात. जुना बोर्ड जुन्याच कर्नलवर राहतो. ही उणीव स्वयंसेवकांनी भरून काढली. आर्मबियन हे अशा बोर्डांसाठीचं लिनक्स वितरण त्याचं चांगलं उदाहरण आहे. ते डेबियन आणि उबुंटूवर उभं आहे, म्हणून एकदा सुरू झालं की पुढचं सगळं ओळखीचं असतं.

आधी बोर्ड आणि इमेज

बोर्ड घेण्याआधी आर्मबियनच्या यादीत त्याचा दर्जा पाहा. ‘कम्युनिटी’ असा शेरा असेल तर त्या बोर्डाची नियमित चाचणी होईलच असं नाही. प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा, यापेक्षा मला ही नोंद जास्त महत्त्वाची वाटते. कारण जलद पण बेवारस बोर्ड दोन वर्षांनी खणात पडतो.

इमेज अगदी त्याच मॉडेलची हवी; नावापुढचं एक अक्षर बदललं तरी बोर्ड वेगळा असू शकतो. सर्व्हर म्हणून वापरायचा असेल तर डेस्कटॉप नसलेली, ‘मिनिमल’ इमेज घ्या. फाइल नीट उतरली का हे सांगणारा, सोबत दिलेला शा-२५६ चेकसम जुळतोय का, तेही तपासा.

वीज आणि कार्ड

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण लिनक्सच्या नावावर खपणारे बहुतेक दोष खरं तर इथले असतात.

बोर्डाला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात असं धरा. केबलचा रोध फक्त ०.२ ओम असला, तरी पूर्ण भाराला ०.६ व्होल्ट वाटेतच जातात आणि बोर्डापर्यंत ४.४ पोचतात. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर इशारा देतो. अनेक बोर्ड काहीच न सांगता मध्येच अडकतात किंवा यूएसबी डिस्क सोडून देतात. मोबाइलचा चार्जर ‘चालतो’ म्हणून वापरू नका. आखूड, जाड तारेची केबल आणि पुरेशा अँपिअरचा अडॅप्टर घ्या.

सिस्टीम ज्यावर राहते त्या मायक्रोएसडी कार्डावर ‘ए१’ खूण असावी. याचा अर्थ विखुरलेल्या जागी सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. ऑपरेटिंग सिस्टीमला हाच वेग लागतो. फोटो साठवण्याचा मोठा आकडा इथे फारसा कामाचा नाही. बनावट कार्डं भरपूर असतात, म्हणून नवं कार्ड ‘एफ३’ या प्रोग्रामने पूर्ण भरून वाचून पाहा.

कार्डावर उतरवणं

इमेज फाइल कार्डावर कॉपी करून चालत नाही, ती ‘राइट’ करावी लागते. प्रोसेसर सुरू होताना बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कार्डावरच्या ठरलेल्या जागी शोधतो: ऑलविनरच्या चिपा साधारणपणे ८ किलोबाइटवर, रॉकचिपच्या ३२ किलोबाइटवर. ती जागा कोणत्याही फोल्डरात दिसत नाही. बलेना एचर हा प्रोग्राम हे काम करतो आणि लिहिल्यावर पडताळूनही पाहतो. ती पडताळणी घाई म्हणून टाळू नका.

पहिलं बूट

नेटवर्कची केबल लावा, कार्ड घाला आणि वीज शेवटी द्या. पहिल्या वेळी सिस्टीम कार्डाच्या पूर्ण आकाराएवढी पसरते, तेव्हा काही मिनिटं थांबा. मग राउटरच्या यादीतून बोर्डाचा आयपी पत्ता शोधा आणि एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड देण्याची सोय) ‘रूट’ म्हणून आत जा. सुरुवातीचा पासवर्ड १२३४ असतो. तो लगेच बदलायला लावतात आणि तुमचा रोजचा वापरकर्ताही तिथेच तयार होतो.

अनेक बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नसते. त्यामुळे सुरू होताच तारीख जुनी असू शकते आणि अपडेट ‘अजून वैध नाही’ असं म्हणत अडतं. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा.

काहीच दिसत नसेल तर सिरियल कन्सोल जोडा, म्हणजे बोर्डाचे संदेश तारांवरून थेट तुमच्या पीसीवर दिसतील. यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचा हवा. ग्राउंडला ग्राउंड, बोर्डाचा टीएक्स (पाठवणारा) अडॅप्टरच्या आरएक्सला (घेणाऱ्याला) आणि उलट, अशा तीनच तारा. विजेची चौथी तार मोकळीच ठेवा. वेग बहुतेक ठिकाणी १,१५,२०० बॉड असतो, तर रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांवर १५,००,०००. पडद्यावर कचरा अक्षरं आली तर वेग चुकलाय. माझा एक बोर्ड मी आठवडाभर मेलेला समजत होतो. कन्सोल लावल्यावर पहिल्याच मिनिटात कळलं की बूटलोडर व्यवस्थित सुरू होतोय आणि कार्ड वाचताना अडतोय. कार्ड बदललं, आणि तो बोर्ड आजही चालू आहे.

रोजचा वापर

आर्मबियन लॉग आधी रॅममध्ये ठेवतं आणि ठराविक वेळाने किंवा बंद होताना कार्डावर उतरवतं. कार्डाचं आयुष्य त्याने वाढतं, पण वीज अचानक गेली तर शेवटचे लॉगही जातात. म्हणून बोर्ड नेहमी ‘शटडाउन’ देऊनच बंद करा. सतत लिहिणारं काम, म्हणजे डेटाबेस वगैरे, असेल तर ‘आर्मबियन-इन्स्टॉल’ वापरून सिस्टीम ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवण चिप) किंवा एसएसडीवर हलवा.

तापमान ‘आर्मबियनमॉनिटर’ दाखवतो. भार वाढला की प्रोसेसरचा वेग खाली येत असेल, तर हीटसिंक लावा आणि बंद डबीला हवा द्या.

अपडेट डेबियनच्या ‘ॲप्ट’ या साधनानेच होतात. कर्नल बदलणार असेल तेव्हा आधी कार्डाची पूर्ण प्रत काढून ठेवा. नीट चाललेला कर्नल ‘आर्मबियन-कॉन्फिग’मधून गोठवताही येतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात अडतात, म्हणून इंटरनेटला उघड्या बोर्डावर मी तो फार काळ गोठवून ठेवत नाही. डेबियनची पुढची आवृत्ती आली की मी दुसऱ्या कार्डावर नवी इमेज टाकतो आणि जुनं कार्ड बाजूला जपतो.

आणि दोष सापडलाच तर तो कळवा. तुमच्याकडचा बोर्ड कदाचित विकासकांपैकी कुणाकडेच नसेल. ‘आर्मबियनमॉनिटर’ला ‘यू’ हा पर्याय दिला की तो लॉग एकत्र करून पाठवतो आणि एक दुवा देतो. तो दुवा, सिरियल कन्सोलवरचा मजकूर, आणि दुसरं कार्ड व दुसरा अडॅप्टर लावून काय झालं, एवढं लिहा.