इलेक्ट्रिक कार लीजवर घेण्याआधी: हप्ता विचारू नका, आधी हे जमवा

शोरूमची पायरी चढण्याआधी एक आकडा पक्का हवा: वर्षाला गाडी किती चालते. अंदाज नको. सध्याच्या गाडीची सर्व्हिसिंगची दोन जुनी बिलं काढा, दोन्हींवर किलोमीटर आणि तारीख लिहिलेली असते. किलोमीटरची वजाबाकी करून ती वर्षाच्या हिशोबाला आणली की झालं. लीजमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दरमहा हप्ता भरून गाडी वापरायची आणि मग परत करायची या करारात, किलोमीटरची मर्यादा असते. ती ओलांडली की प्रत्येक जादा किलोमीटरचे पैसे मोजावे लागतात, कमी चालवली तर मात्र सहसा काहीही परत मिळत नाही.

मग कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: करारात धरलेली गाडीची किंमत, मुदत संपताना धरलेली किंमत आणि व्याजदर. खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे. समजा गाडी १०० ची, ३६ महिन्यांनी ती ४५ ची उरेल असं धरलं आणि व्याज ९ टक्के. ५५ ची घट ३६ महिन्यांत वाटली की महिन्याला १.५३, वर व्याजाचे (१०० आणि ४५ ची सरासरी ७२.५, त्यावर) सुमारे ०.५४, हप्ता २.०७. तीच शेवटची किंमत ५५ धरली तर हप्ता १.८३ वर येतो. गाडी तीच, व्याज तेच. म्हणून नुसता हप्ता ऐकून भुलू नये.

इलेक्ट्रिक गाडीला हे जास्तच लागू पडतं. नवी मॉडेल्स जास्त रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) घेऊन येतात, नव्या गाड्यांच्या किमती उतरतात, आणि जुन्या गाडीचा भाव धाडकन पडतो. लीजमध्ये हा फटका कंपनीने सोसायचा असतो, आणि माझ्या मते लीजचा खरा फायदा तोच. पण काही करारांत ही तूट भाडेकरूच्या माथी मारलेली असते. ते कलम शोधूनच काढा. सापडलं तर लीजमध्ये फारसा राम उरत नाही.

बॅटरीच्या भीतीपोटी लीज घेत असाल तर थांबा. बऱ्याच कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. गाडी सात-आठ वर्षं वापरायचीच असेल तर खरेदीचं गणित बहुधा सरस ठरतं.

विजेचा हिशोब घरच्या बिलावरून करा. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ ते २० युनिट घेते, चार्जिंगमध्ये आणखी दहाएक टक्के वाया जातात. घरी चार्जर बसवता येत नसेल तर फास्ट चार्जिंगचा दर धरा. तो बहुतेकदा बराच चढा असतो, आणि इंधनातली बचत तिथेच आटते. विमा आणि टायरही यादीत घ्या. गाडी जड असल्याने टायर लवकर झिजतात.

सुरुवातीला मोठी रक्कम भरून हप्ता कमी करण्याच्या फंदात पडू नका. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पुरती गेली, तर ती रक्कम बहुधा परत येत नाही. ताबा घेतानाच चारही बाजूंचे, चाकांचे आणि सीटचे फोटो तारखेसह काढून ठेवा, परत करताना ओरखड्यांवरून वाद होतात.

सही करण्याआधी शेवटचा प्रश्न: अठराव्या महिन्यात करार मोडला तर नेमके किती भरावे लागतील? उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी ‘बघू, करू काहीतरी’ असं आलं, तर पेन खिशातच राहू द्या.