नातवाची गोधडी: मोठे चौकोन घ्या

पंधरा-सोळाच्या नातवासाठी बारीक ठिगळांची नक्षी करत बसू नका, त्याचं लक्षही जात नाही. सरळ मोठे चौकोन घ्या. कापड 13 इंची कापा. चारही कडांना अर्धा-अर्धा इंच शिलाईत गेला की 12 इंच उरतात. आडवे 5, उभे 7, अशा 35 तुकड्यांत 5 बाय 7 फुटांची गोधडी होते. पोरगा ताडमाड वाढला तरी पाय उघडे पडत नाहीत. रंग मात्र त्यालाच विचारा. मी हौसेनं गुलाबी फुलं लावली, ती गोधडी अजून दिवाणात पडून आहे! गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेलं नवं सुती कापड आधी धुवा, नाहीतर नंतर आटतं. आत जुन्या सुती साड्या: नागपूरच्या डिसेंबरला दोन, कूलरसमोर झोपणाऱ्याला एक. धावदोऱ्याच्या ओळी चार-चार बोटांवर.