खेळ आणि अभ्यास: दोन्ही वेळापत्रके एकाच कॅलेंडरवर मांडा

इंदूरच्या मराठी घरांत खेळाचे कौतुक होळकरांच्या काळापासून चालत आले आहे. सी. के. नायडूंचा वारसा सांगणाऱ्या होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या वर्षांत चार वेळा रणजी करंडक जिंकला, हे आजही येथे अभिमानाने सांगितले जाते. तरीही मूल दहावीत किंवा अकरावीत गेले की त्याच घरांत खेळ बंद करण्याची भाषा सुरू होते. माझ्या मते बहुतेक मुलांच्या बाबतीत त्याची गरज नसते. त्यांची ओढाताण होते, कारण शाळेचे आणि खेळाचे वेळापत्रक कोणी एकत्र मांडून पाहिलेलेच नसते.

म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच भिंतीवरचे एकच कॅलेंडर घेऊन बसावे. एका रंगाने घटक चाचण्या, सहामाही, प्रात्यक्षिके आणि प्री-बोर्ड परीक्षा लिहाव्यात, तर दुसऱ्या रंगाने स्पर्धा. शालेय स्पर्धा जिल्हा, संभाग (म्हणजे अनेक जिल्ह्यांचा विभाग) आणि राज्य अशा पायऱ्यांनी पुढे जातात. त्यांच्या नेमक्या तारखा ऐन वेळी कळतात, त्यामुळे क्रीडाशिक्षकांकडून मागील वर्षीचे आठवडे विचारून तेच अंदाजाने नोंदवावेत. ज्या आठवड्यात दोन्ही रंग एकत्र येतील, त्या परीक्षेचा अभ्यासक्रम तीन आठवडे आधी संपवायचा, असे तेव्हाच ठरवावे. संघात निवड झाल्यावर हे ठरवायला बसले, तर मूल आनंदात असते, पालक काळजीत असतात आणि शांतपणे बोलणे होत नाही.

हजेरीचा हिशेबही याच वेळी करावा. सीबीएसईच्या शाळांत बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते. वर्षाचे कामाचे दिवस सुमारे 220 धरले, तर अनुपस्थितीला जास्तीत जास्त 55 दिवस उरतात. त्यांतच ताप, लग्नकार्य आणि दुखापत हे सर्व बसवायचे असल्याने स्पर्धांसाठी 30 पेक्षा अधिक दिवस मोजू नयेत. राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांसाठी सवलत मागता येते, सरावासाठी नव्हे. बोर्डाची परीक्षा आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा एकाच वेळी आल्यास पुढच्या तारखेला परीक्षा देण्याची सोय सीबीएसईने 2018 मध्ये केली; मात्र त्यासाठी शाळेमार्फत रीतसर अर्ज करावा लागतो. जिल्हा किंवा संभाग स्तराच्या सामन्यांना ही सोय लागू नाही, हे मुलालाही आधीच सांगून ठेवावे.

आता रोजचा दिवस पाहू. सुदामानगरमध्ये राहणारी, अकरावीत विज्ञान घेतलेली आणि संध्याकाळी रेसकोर्स रोडवरील अभय प्रशालमध्ये टेबल टेनिसच्या सरावाला जाणारी एखादी मुलगी समजा. ती तीनच्या सुमारास घरी येते, पाचला निघते, आठला परतते, कोचिंग त्याशिवाय. परतल्यावर जेवून ती भौतिकशास्त्राची गणिते घेऊन बसते आणि अर्ध्या तासात तिचे डोळे मिटू लागतात. तिच्या दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ दुपारी साडेतीन ते पावणेपाच हा आहे आणि नेमका तोच मोबाइल पाहण्यात जातो. नवी, अवघड गणिते त्या वेळात सोडवावीत. रात्री फक्त हाताला वळण असलेले काम ठेवावे: प्रयोगवही पूर्ण करणे, आकृत्या काढणे, किंवा दिवसभरात शिकलेले वही मिटून आठवून लिहिणे. साडेदहाला दिवा बंद व्हावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते. खेळणाऱ्या मुलाची झोप कापून अभ्यास वाढवला, तर दोन्हीकडे नुकसान होते, कारण थकलेला खेळाडू दुखापतीला लवकर बळी पडतो आणि अपुऱ्या झोपेने पाठांतरही टिकत नाही. या एका बाबतीत पालकांनी अजिबात माघार घेऊ नये.

कोचिंगची निवड करताना इंदूरमधल्या भंवरकुआं या कोचिंगसाठी प्रसिद्ध भागातील नामवंत वर्गापेक्षा घराजवळचा, लहान तुकडीचा वर्ग खेळाडूला अधिक सोयीचा पडतो. जाण्यायेण्यात वाचलेला वेळ झोपेला मिळतो आणि चुकलेला तास भरून देण्याची विनंती सरांना करता येते.

बाहेरगावी स्पर्धेला जाताना सगळी पुस्तके नेऊ नयेत. एका विषयाची सूत्रांची वही आणि एक सराव प्रश्नपत्रिका पुरते. निघण्यापूर्वी वर्गातल्या एका मैत्रिणीशी किंवा मित्राशी रोजच्या वह्यांचे फोटो पाठवण्याचे ठरवावे, आणि चुकणाऱ्या प्रात्यक्षिकाबद्दल शिक्षकांशी स्वतः मुलाने बोलावे. पालकांनी चिठ्ठी पाठवण्यापेक्षा मुलाने समोर उभे राहून विचारलेले शिक्षकांना अधिक भावते, असे मी पाहिले आहे.

खेळाच्या जोरावर प्रवेश मिळेल, या आशेवर अभ्यास सैल सोडू नये. आयआयटी मद्रासने 2024 मध्ये खेळाडूंसाठी पदवीच्या जागा सुरू केल्या, पण त्यांनाही जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावेच लागते.

बोर्डाच्या वर्षी जानेवारीपासून स्पर्धा थांबवाव्यात, सराव मात्र पूर्ण बंद करू नये; आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास पुरेसा आहे. शेवटचा पेपर झाल्यावर पहिले दोन आठवडे निम्म्याच वेळेचा सराव ठेवावा आणि प्रशिक्षकांना तसे आधी सांगून ठेवावे.