जुन्या एचपीएलसीचा पंप बिघडला तर कुठून सुरुवात करावी

मुंबईतल्या कॉलेजांच्या आणि लहान औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये पंधरा-वीस वर्षं जुनी एचपीएलसी यंत्रं (द्रव नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारी) आजही रोज चालतात. पंप अडला की नमुने पडून राहतात. मग घाईघाईत सील (पिस्टनभोवती गळती रोखणारी रिंग), चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) सगळं एकदम बदललं जातं आणि बिघाड नेमका कशात होता ते कधीच कळत नाही. म्हणून आग्रहाने सांगते, सुरुवात द्रावकाच्या बाटलीपासून करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी गॉगल आणि हातमोजे घाला. कुठलाही जोड सोडवण्यापूर्वी पंप थांबवून प्रेशर शून्यावर येऊ द्या.

पहिली तपासणी फुकटात होते. बाटली पंपापेक्षा उंच ठेवा, पंपाकडे जाणारी नळी इनलेटपाशी सोडवा आणि टोक बीकरमध्ये धरा. नळी भरलेली असेल तर द्रव आपोआप वाहायला हवा. थेंबथेंब आला तर बाटलीतला फिल्टर तुंबलाय. आपल्याकडे याचं मोठं कारण बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं मिठाचं द्रावण. शनिवार-रविवार एसी बंद राहतो आणि दमट उकाड्यात न्यूट्रल पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये जंतू वाढतात. स्टीलचा फिल्टर सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात) साफ करता येतो, काचेचा त्यात टाकू नका, तो फुटतो.

फिल्टर ठीक असेल तर हवा काढा. पर्ज व्हॉल्व्ह (द्रव थेट बाहेर सोडणारी झडप) उघडून मिनिटाला ५ मिलीने पंप चालवा. काहीच आलं नाही तर पर्जच्या नळीला सिरिंज लावून द्रव हळू ओढून घ्या. बुडबुडे पुन्हा पुन्हा येत असतील तर डीगॅसर (द्रवातली हवा काढणारा भाग) आणि इनलेटचे जोड बघा.

आता प्रेशरचा आलेख पाहा, खरी माहिती तिथेच मिळते. पिस्टनच्या प्रत्येक फेरीबरोबर प्रेशर खाली-वर होत असेल, तर पंपाच्या एका हेडमध्ये (पिस्टनच्या कप्प्यात) हवा आहे किंवा चेक व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. या व्हॉल्व्हमध्ये रुबीचा छोटा गोळा सफायरच्या बैठकीवर टेकतो. मिठाचा कण अडकला तर व्हॉल्व्ह गळतो. सतत शुद्ध ॲसिटोनायट्राइल हे द्रावक चालवलं तरी गोळ्यावर चिकट थर बसतो. व्हॉल्व्ह काढून आयसोप्रोपॅनॉलमध्ये १० ते १५ मिनिटं सोनिकेट करा आणि प्रवाहाचा बाण वर ठेवून परत बसवा. बहुतेकदा नवा घ्यावा लागत नाही.

पंप हेडच्या मागे थेंब किंवा पांढरा थर दिसला तर सील गेलं. ते बदलताना प्लंजर (पिस्टनचा दांडा) उजेडात फिरवून बघाच. त्यावर ओरखडे असतील तर नवं सीलही लवकरच गळेल, मग प्लंजरही बदलावा लागतो. नवं सील बसवण्याआधी आयसोप्रोपॅनॉलने ओलं करा.

प्रेशर जास्त असेल तर कॉलम (नमुन्यातले घटक वेगळे करणारी नळी) सोडवून पाहा. उतरलं तर पंपाचा दोष नाही. नाहीच उतरलं तर पर्ज उघडा. काही पंपांच्या पर्ज व्हॉल्व्हमध्ये पीटीएफईचं फ्रिट (बारीक गाळणी) असतं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून मिनिटाला ५ मिली पाणी सोडल्यावरही १० बारच्या वर प्रेशर राहिलं, तर ते फ्रिट बदला. स्वस्त आहे, एक-दोन कपाटात ठेवावीत.

दुरुस्तीनंतर कॉलम आणि योग्य मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) लावून मिनिटाला १ मिलीवर पंप चालवा, बाहेर येणारा द्रव १० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या. खुणेपर्यंत भरायला १० मिनिटं लागली पाहिजेत. स्क्रीनवरचा आकडा हा पंपाला दिलेला हुकूम असतो, प्रत्यक्ष प्रवाह नव्हे, त्यामुळे ही मोजणी टाळू नका.

संध्याकाळी बफर लाइनमध्ये ठेवून घरी जाऊ नका. आधी ९० टक्के पाणी आणि १० टक्के मिथेनॉल, मग मिथेनॉलचं प्रमाण वाढवत न्या. फॉस्फेटवरून थेट ॲसिटोनायट्राइलवर गेलात तर मीठ पंपातच बसतं. लॉगबुकात कॉलम, मोबाइल फेज, फ्लो आणि त्या वेळचं प्रेशर लिहून ठेवा.