रक्त थांबलं का, हे बघायला कापड उचलू नका

खोल जखमेतून रक्त उसळत असताना सगळ्यांचा हात एकाच चुकीकडे जातो: दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून बघणं. नुकती धरू लागलेली गुठळी त्यातच सुटते.

१. फोन स्पीकरवर टाकून रुग्णवाहिका बोलवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.
२. स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते नेमकं रक्त येतं तिथेच ठेवून तळहाताने जोरात दाबा. कोपर ताठ ठेवून अंगाचा भार टाका, नुसत्या बोटांचा जोर पुरत नाही.
३. कापड भिजलं तरी काढू नका. दुसरं वर ठेवा, दाब तसाच. किमान १० मिनिटं, घड्याळ लावून. (घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही दहा वाटतात.)

हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल, तर जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांधा सोडून, रुंद पट्टा करकचून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. पट्टा मग डॉक्टरच सोडतील. दोरी किंवा तार मात्र नको, ती मांसात रुतते.

काच किंवा लोखंड आत रुतलेलं असेल तर उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.