दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे: लहान खेळाडूंबरोबर काम सुरू करणाऱ्यांसाठी

बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) किंवा बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) पूर्ण करून गोव्यातील एखाद्या फुटबॉल अकादमीत किंवा शाळेच्या संघाबरोबर पहिल्यांदाच काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. टेपिंग, प्रथमोपचार, वॉर्म-अप या गोष्टी तुम्हाला येतात असे मी धरून चालतो. महाविद्यालयात कुणी सांगत नाही ते हे, की या कामात तुमचे अधिकार कुणीही आखून दिलेले नसतात. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर हा स्वतंत्र, परवान्याचा आरोग्यव्यवसाय आहे आणि त्यासाठी आता पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे तशी वेगळी व्यवस्था नसल्यामुळे त्याच कामावर कुठे फिजिओ असतो, कुठे शारीरिक शिक्षणाचा पदवीधर, तर कुठे जिममधून आलेला प्रशिक्षक. परिणामी मुलाने खेळायचे की बसायचे हे शेवटी कोण ठरवणार, याचे उत्तर प्रत्येक मैदानावर वेगळे मिळते, आणि बहुतेक ठिकाणी ते ‘कोच’ असेच मिळते.

नवख्या माणसाला पकडणारा सापळा याच ढिलाईतून तयार होतो आणि मला त्याने सर्वांत जास्त छळले आहे. मुलाचा घोटा मुरगळतो, सुजतो, आठ-दहा दिवसांत सूज उतरते आणि तो तुमच्यासमोर येऊन म्हणतो, ‘सर, आता दुखत नाही.’ कोच शेजारीच उभे असतात, वडील फाटकाशी स्कूटर लावून थांबलेले असतात आणि शनिवारी सामना असतो. तिथे जमलेल्या प्रत्येकाला हेच उत्तर हवे असते. तुम्ही मान डोलावली की सर्वांची सुटका होते, आणि पुढच्या पंधरवड्यात तोच घोटा पुन्हा मुरगळला की ‘फिजिओने सोडले होते’ एवढेच वाक्य लोकांच्या लक्षात राहते.

हे असे का होते, ते नीट समजून घ्या. वेदना आणि सूज बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते, पण ताणला गेलेला अस्थिबंध, म्हणजे सांध्यातली हाडे एकमेकांना बांधणारा पट्टा, भरून यायला आणि पुन्हा मजबूत व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्याहून उशिरा परत येते ती सांध्याची स्थितीची जाण, म्हणजे पाय खड्ड्यात पडण्याआधी घोट्याने स्वतःला सावरण्याची क्षमता. पावसाळा संपल्यावर घराच्या भिंतीचा गिलावा कोरडा दिसतो आणि आतला चिरा मात्र ओलाच असतो, तसे हे आहे. आमच्याकडे मुले भातकापणी झालेल्या शेतात खेळतात, कडक तांबड्या मातीच्या मैदानावर खेळतात आणि पावसात चिखलातही खेळतात, त्यामुळे न सावरणारा घोटा फार काळ लपून राहत नाही.

यात दुसरी अडचण अशी की मूल नेहमी खरे सांगत नाही. त्याला खोटारडे ठरवू नका. फुटबॉल २०१२ पासून गोव्याचा राज्यखेळ आहे आणि घरातला काका, मामा कुणी ना कुणी कधीतरी कुठल्या तरी क्लबाकडून खेळलेला असतो, त्यामुळे निवड चुकली तर जेवणाच्या ताटापर्यंत तो विषय पोहोचतो हे मुलाला ठाऊक असते. फोंडा तालुक्यातला एक मुलगा निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मला शपथेवर ‘दुखत नाही’ म्हणाला होता. मी त्याला कदंबच्या बसमधून उतरताना पाहिले. प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी खाली जायचा, मग डावा त्याच्या शेजारी येऊन टेकायचा, आणि हाताने दांडी घट्ट धरलेली असायची. उतरताना खरा भार वरच्या पायरीवर राहिलेल्या पायावर येतो, म्हणून दुखरा पाय आपोआप आधी खाली सोडला जातो. त्याचा उजवा घोटा अजून वाकत नव्हता आणि हे त्याच्या जिभेपेक्षा पायऱ्यांनी स्पष्ट सांगितले.

म्हणून ‘दुखते का?’ हा प्रश्न कोचच्या आणि पालकांच्या देखत विचारूच नका. विचारलात तरी त्याच्या उत्तरावर निर्णय घेऊ नका. डोळ्यांनी दिसेल अशा कसोट्या ठेवा. भिंतीला गुडघा टेकवताना दोन्ही टाचा सारख्याच अंतरावर जमिनीला चिकटून राहतात का, हे पाहा. एका पायावर टाच उचलण्याची संख्या दोन्हीकडे सारखी हवी, एका पायावरची उडी दोन्हीकडे जवळपास तितकीच लांब पडायला हवी आणि डोळे मिटून एका पायावर उभे राहता यायला हवे. त्यानंतर सरळ धावणे, मग वळून धावणे, मग चेंडूसह, मग संघाबरोबर पूर्ण सराव आणि सर्वांत शेवटी सामना. पूर्ण सराव न केलेल्या मुलाला थेट सामन्यात उतरवणे, मग शेवटच्या दहा मिनिटांपुरते का असेना, माझ्या मते निव्वळ बेपर्वाई आहे. गार फवारा मारून मुलाला परत धावायला लावणे हा उपचारच नव्हे. त्याने फक्त कातडी बधिर होते.

दुखापत झाल्या क्षणीही दोन गोष्टी तपासायला विसरू नका. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोट दाबल्यावर मूल कळवळले, किंवा त्याला चार पावलेही टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण तपासणी होईपर्यंत त्याला ‘मुरगळले आहे’ म्हणू नका, कारण वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग अस्थिबंधाइतकाच, कधी त्याहून नाजूक असतो. पहिले दोन-तीन दिवस तेल लावून मालीश करणाऱ्या हाडवैद्यापासून मुलाला लांब ठेवा. आजी तुमच्यावर नाराज होईल, होऊ द्या.

वाढीच्या वयाची स्वतःची दुखणी वेगळी असतात. साधारण बारा-चौदा वर्षांच्या मुलाला, मुलींना त्याहून थोडे आधी, गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखते, तर त्याहून लहान मुलांना टाचेच्या मागे. ही दुखणी बहुतेक वेळा वाढ पूर्ण झाली की शमतात आणि मुलाला पूर्ण बसवून ठेवायची गरज क्वचितच पडते. इथे घाबरायचे कारण नाही. उड्या आणि स्प्रिंट कमी करा, आठवड्याचा एकूण भार मोजा आणि तोच मुलगा सकाळी शाळेकडून, संध्याकाळी अकादमीकडून आणि रविवारी गावच्या संघाकडून खेळतो आहे का, हे विचारा. उत्तर बहुधा ‘होय’ असेच येते.

डोक्याच्या माराबाबत मात्र कसलीही सवलत नाही. कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची, नुसती शंका आली तरी मूल त्याच क्षणी मैदानाबाहेर जाते आणि त्या दिवशी परतत नाही. २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेच्या मार्गदर्शनानुसार परतीचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो, खेळातल्या प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यायचे असतात, आणि आधी अभ्यास, मग खेळ. इथे कोचशी वाटाघाटी करत बसू नका.

उष्णतेविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तो अंग गार करत नाही. मूल भोवळून असंबद्ध बोलू लागले तर १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. बर्फाच्या पाण्याने त्याला तिथेच थंड करायला लागा.

आता थोडे शॉर्टकटविषयी. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र आणि रंगीत टेपच्या पट्ट्या लावलेले फोटो यांनी काम मिळते, टिकत नाही. त्यापेक्षा फिफाचा ११ प्लस हा वॉर्म-अप मनापासून शिका. तीन भाग, १५ व्यायाम, वीस मिनिटे आणि साहित्य म्हणावे तर फक्त चेंडू आणि शंकू. तो कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच कुणी नीट करत नाही. लहान मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. गुरूच्या बाबतीतही मी जरा हट्टी आहे. मोठ्या संघाबरोबर फिरणाऱ्या, पण आठवड्यातून एकदा फोन उचलणाऱ्या नामवंतापेक्षा रोज साडेचारला मैदानावर येणारे शाळेचे जुने पीटी सर तुम्हाला अधिक शिकवतील. कोणत्या मुलाच्या घरी काय चालले आहे हे त्यांना माहीत असते आणि निम्मे निदान तिथेच होते.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि आपल्या राज्याचा २००३ चा गोवा बाल कायदा हे दोन्ही १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहेत. मांडी, जांघ, कंबर यांवर उपचार करताना पालकांची लेखी संमती घ्या, दार उघडे ठेवा, दुसरी प्रौढ व्यक्ती खोलीत असू द्या, आणि मुलीची तपासणी असेल तर ती व्यक्ती स्त्री असावी. मुलांना परस्पर रात्री संदेश पाठवू नका. पालक असलेल्या गटातच लिहा. अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे पॉक्सोखाली बंधनकारक आहे, आधी व्यवस्थापनाला विचारणे नव्हे.

नोकरीविषयी गोड बोलणार नाही. करार हंगामापुरता असतो, पावसाळ्यात पैसे उशिरा येतात आणि ठाम राहिल्याची किंमत मोजावी लागते. एका अकादमीत मी उपांत्य फेरीआधी एका मुलाला सोडले नाही आणि पुढच्या हंगामासाठी मला बोलावणे आले नाही. कारण कुणी सांगितले नाही. ते अजून टोचते. तरीही दुसरीकडे काम मिळाले, आणि ते त्या मुलाच्या वडिलांनीच सुचवले होते.

म्हणून रुजू होतानाच, पहिला सामना होण्याआधी, एक पानभर मजकूर लिहून कोच आणि व्यवस्थापक या दोघांची सही घ्या. दुखापतीनंतर परत खेळवण्याचा निर्णय तुमचा किंवा डॉक्टरांचा राहील, कोच तो बदलणार नाहीत, आणि पालकांना ही अट प्रवेशाच्या अर्जाबरोबर दिली जाईल, एवढेच त्यात असावे. सही द्यायला टाळाटाळ झाली तर तिथली वागणूक पुढे कशी असेल ते तुम्हाला आधीच कळेल. काम स्वीकारलेत तरी प्रत्येक दुखापतीची नोंदवही तारीख, कसोट्यांचे आकडे आणि पालकांना काय सांगितले यांसह रोज भरा, आणि तिची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवा.