पटकथा लिहिताय? आधी डोक्यातलं नाटक उतरवा

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वाढलेल्याला संवाद शिकवावे लागत नाहीत. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि आपण ब्लँकेट पांघरून पहाटेपर्यंत मंडपात. त्यामुळे पटकथा लिहायला बसलं की हात संवादच लिहीत सुटतो. माझ्या पहिल्या साठ पानांत माणसं फक्त बोलत होती.

सगळ्यात मोठी चूक हीच. मंडपात शेवटच्या रांगेला नटाचे डोळे दिसत नाहीत, म्हणून दुःख बोलून दाखवावं लागतं. कॅमेऱ्याला नखातली मातीही दिसते. मी लिहिलं होतं, ‘धानाचा चुकारा न आल्याने बापू चिंतेत आहे.’ चुकारा म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे. आता ही चिंता शूट कशी करणार? मग असं केलं:

बाहेर. पानठेला. सकाळ.
बापू पासबुक उघडतो. शेवटच्या नोंदीवर बोट ठेवतो. पासबुक पिशवीत टाकतो.
ठेलेवाला: खर्रा घोटू का?
बापू खिसा चाचपतो.
बापू: आज नको गा.

आधीच्या दृश्यात खरेदी केंद्रावर पोत्यांचा काटा झालेला आहे, तेवढं पुरतं. आपलं लिखाण तपासायचं तर संवाद हाताने झाका आणि उरलेलं वाचा. गोष्ट कळेनाशी झाली तर ते अजून नाटकच आहे.

दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा आणि वेळ हे लिहायला विसरू नका. शूटिंगचं वेळापत्रक त्यावरच बसतं. क्लोज-अप, झूम मात्र दिग्दर्शकावर सोडा.

बोलीतही गफलत होते. ‘मले-तुले’ घातलं की विदर्भ झाला, असं नसतं हो! अकोल्याची वऱ्हाडी वेगळी, ब्रह्मपुरीकडची झाडीबोली वेगळी.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशेब 12 पॉइंट कुरियरमधल्या इंग्रजी पानाचा. देवनागरीत तो जुळेलच असं नाही. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, मधल्या हालचालींनाही वेळ द्या.

आणि कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप करू नका. मी तीच फाईल पाठवली. समोरच्याकडे तो फाँट नव्हता, त्याला दिसली इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये लिहा, पीडीएफ पाठवा. त्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन पटकथेची ऑनलाइन नोंदणी करून ठेवा. त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.